हॅलीची धूळ, घरची गच्ची

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. गुढ्या उतरल्या होत्या, श्रीखंडाच्या वाट्या धुऊन पालथ्या पडल्या होत्या. पावणेआठच्या सुमारास विदर्भात आणि उत्तर महाराष्ट्रात अंगणात, रस्त्यावर, गच्चीवर असलेल्या माणसांच्या माना एकदमच वर गेल्या. जळते गोळे एकामागून एक, ओळीने, आकाश ओलांडत चालले होते. लोकांनी मोबाइल काढले, चित्रण केलं, शेजाऱ्यांना हाका मारून दाखवलं. उल्का पडतेय, असंच बहुतेकांना वाटलं. थोड्या वेळाने चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोलही मिळाले. अभ्यासकांनी कक्षा ताडून पाहिल्या तेव्हा ते सगळं एका चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष निघाला.

खरं तर ती उल्का नव्हती याचा पुरावा प्रत्येक चित्रणातच होता. खिशातून मोबाइल काढून, कॅमेरा सुरू करून, वर रोखण्याइतका वेळ मिळाला, हाच तो पुरावा. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर असतो. ती सावकाश तुटत, जळत, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जाते. उल्का इतकी सवड देत नाही. "ती बघ" म्हणेपर्यंत ती गेलेली असते.

पाच आठवड्यांनी, ६ मे २०२२ च्या पहाटे, त्याच गच्च्यांवरच्या आकाशात खऱ्या उल्कांचा वर्षाव झाला. अमावास्येला जेमतेम सहा दिवस झाले होते. चंद्रकोर मध्यरात्रीच्या आधीच मावळली होती. पूर्वेला शनी, मंगळ, गुरू आणि शुक्र असे चार ग्रह तिरप्या रांगेत उगवत होते. त्या पहाटेचं कौतुक मात्र फारसं कुठे झालं नाही. हे प्रकरण त्या दुर्लक्षित पहाटेबद्दल आहे, कारण ती दर वर्षी येते आणि तिच्यासाठी कुठेही जावं लागत नाही.

उन्हाळ्यातला उल्कावर्षाव म्हटलं की इंग्रजी पुस्तकांत एकच नाव पुढे येतं: ययाती तारकासमूहातून येणारा, १२-१३ ऑगस्टच्या रात्रीचा. युरोप-अमेरिकेत तेव्हा सुट्टीचे दिवस असतात, हवा उबदार असते, माणसं बागेत चादर पसरून झोपतात. अंधाऱ्या आकाशाखाली, सर्व काही जुळून आलं तर, तासाला शंभराच्या आसपास उल्का दिसण्याची त्याची कुवत आहे. ही पुस्तकं भाषांतरित होऊन, लेखांतून, बातम्यांतून आपल्याकडे येतात आणि ऑगस्टमध्ये इथली मुलं हौसेने घड्याळाचा गजर लावतात. पण आपल्याकडे ऑगस्ट म्हणजे श्रावण किंवा त्याच्या आगेमागे. कोकणात आणि घाटमाथ्यावर आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही. पर्जन्यछायेतल्या गावांना एखाद्या वर्षी ढगांतून फट मिळते, तेवढीच. मुलं दोनदा-तीनदा निराश होतात आणि मग उल्कावर्षाव ही बातमीत वाचायची गोष्ट आहे, असा समज करून घेतात.

दोष आकाशाचा नाही. उन्हाळा कुणाचा, एवढाच प्रश्न आहे.

महाराष्ट्राचा उन्हाळा मार्च ते मे. या काळात दोन उल्कावर्षाव येतात. पहिला २२-२३ एप्रिलच्या रात्री, स्वरमंडळ तारकासमूहातून, अभिजित ताऱ्याच्या जवळून. तो धाकटा आहे, उत्तम आकाशाखालीही तासाला पंधरा-अठरा उल्कांचा. पण त्याची परंपरा फार जुनी. इ.स.पू. ६८७ मध्ये चीनमध्ये झालेली त्याची नोंद उल्कावर्षावांच्या सर्वांत जुन्या नोंदींत गणली जाते. १८०३ साली तो अचानक इतका भडकला की अमेरिकेतल्या रिचमंड शहरात आगीच्या घंटेने जागे होऊन बाहेर आलेल्या लोकांना घरांऐवजी आकाशच पेटलेलं दिसलं. थॅचर नावाच्या धूमकेतूची ती धूळ आहे. हा धूमकेतू सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला चारशेहून अधिक वर्षं घेतो.

दुसरा वर्षाव मोठा आहे आणि मन लावून बघावा असा आहे. १९ एप्रिलच्या सुमारास त्याची पहिली तुरळक उल्का दिसते, मे महिना संपत आला की शेवटची. भर ५-६ मेच्या पहाटे. तो कुंभ राशीतून येतो, तिथल्या ईटा या ताऱ्याजवळून, म्हणून खगोलशास्त्रात त्याला ईटा अ‍ॅक्वेरिड म्हणतात. आपण त्याला कुंभेचा वर्षाव म्हणू. कुंभ राशीत चार मंद ताऱ्यांनी एक छोटा घडा आखला आहे आणि ईटा हा त्यातलाच एक. नक्षत्रं ओळखणाऱ्यांना दुसरी खूण सांगता येईल: शततारका नक्षत्राचा योगतारा तिथून हाताच्या एका मुठीइतक्या अंतरातच आहे. ऐन मे महिन्यात, नळाला पाणी कमी आणि माठाभोवती गर्दी असताना, आकाशातल्या घड्यातून हा शिडकावा होतो.

आणि हा शिडकावा हॅलीच्या धूमकेतूचा आहे.

हॅलीचा धूमकेतू ७५-७६ वर्षांनी येतो, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. एडमंड हॅलीने १७०५ साली मांडलेल्या गणितातून हाच धूमकेतू पुन्हा पुन्हा येतो हे निघालं. त्याने सांगितल्याप्रमाणे तो १७५८ च्या नाताळच्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या पालिट्श नावाच्या एका शेतकऱ्याला दिसला, तेव्हा हॅलीला जाऊन सोळा वर्षं झाली होती. १९८६ मध्ये तो आला तेव्हा महाराष्ट्रात गावोगावी कुतूहल होतं, पण त्याने निराशाच केली. पृथ्वीपासून दूर, क्षितिजालगत, फिकट. ज्यांना तेव्हा तो धड दिसला नाही त्यांच्यापैकी बहुतेकांना २०६१ च्या जुलैची वाट बघणं परवडणारं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तो नेपच्यूनच्या कक्षेपलीकडल्या आपल्या सर्वांत दूरच्या टोकाला पोचला आणि तिथून परत फिरला.

त्याने सांडलेली धूळ मात्र इथेच आहे. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि मातीचा गोळा. हॅलीचा गोळा साधारण पंधरा किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद. मार्च १९८६ मध्ये युरोपचं जोत्तो यान त्याच्यापासून सहाशे किलोमीटरच्या आत गेलं, तेव्हा त्याच्या काळ्याकुट्ट पृष्ठभागातून वायूचे आणि धुळीचे झोत उसळताना दिसले. सूर्याजवळ येताना बर्फाची वाफ होते, वाफेबरोबर धूळ सुटते, आणि ती धूळ धूमकेतूच्याच वाटेवर पसरत राहते. कच्च्या रस्त्याने गेलेल्या गाडीमागे धुरळा तरंगत राहावा, तसं. पृथ्वी आपल्या वार्षिक फेऱ्यात हा धुळीचा पट्टा दोनदा ओलांडते. एकदा मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा त्या उल्का मृग नक्षत्राच्या बाजूने येताना दिसतात.

हॅलीची आजची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला कुठेही छेदत नाही. मे महिन्याच्या बाजूला ती सर्वांत जवळ येते तेव्हाही दोन्हींत जवळपास एक कोटी किलोमीटरचं अंतर उरतं. म्हणजे चंद्राच्या अंतराच्या पंचवीसपट. मग धूळ आपल्यापर्यंत येते कशी? धूमकेतूची वाट गुरूच्या ओढीमुळे शतकानुशतकं हलत आली आहे, आणि सुटलेल्या कणांची वाट त्याहून वेगळी हलत आली आहे. आज पृथ्वीवर पडणारे कण हॅलीच्या फार जुन्या फेऱ्यांतले आहेत. २०१३ साली कुंभेचा वर्षाव नेहमीच्या दुप्पटीहून अधिक झाला. त्यातले बरेच कण सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी सुटलेले होते, असं गणित सांगतं. तीन हजार वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला जोर्वे संस्कृतीची माणसं कुडाच्या घरांत राहत होती, बार्ली पिकवत होती. तेव्हा हॅलीपासून सुटलेला एक कण आज पहाटे त्याच तालुक्यातल्या एखाद्या गच्चीवर एका सेकंदात संपतो. पुरातत्त्वात इतकी जुनी वस्तू इतक्या सहज हाती येत नाही.

या वर्षावाची शास्त्रीय ओळख मात्र अलीकडची. १८७० च्या एप्रिल-मेमध्ये टपमन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने भूमध्य समुद्रात जहाजावरून उल्का मोजल्या आणि त्यांच्या रेघा मागे वाढवल्या तर त्या कुंभेत एकत्र येतात हे टिपलं. आकडा थोडासाच होता, एका रात्री पंधरा, दुसऱ्या वेळी तेरा. सहा वर्षांनी अलेक्झांडर हर्शेलने, म्हणजे युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलच्या नातवाने, कुठल्या धूमकेतूची धूळ कुठल्या दिशेने यायला हवी याची आकडेमोड केली. हॅलीच्या धुळीचं उत्तर टपमनच्या निरीक्षणांजवळ येऊन ठेपलं. दुर्बीण नाही, वेधशाळा नाही. जहाजाच्या डेकवर जागलेल्या एका माणसाच्या वहीतून हे निघालं.

मग हा वर्षाव युरोपीय पुस्तकांत एवढा उपेक्षित का? कारण तो लंडनमधून नीट दिसतच नाही. मेच्या सुरुवातीला तिथे पहाट फार लवकर होते. कुंभ रास पूर्वेला वर येते न येते तोच आकाश फटफटायला लागतं. दक्षिण गोलार्धात, ऑस्ट्रेलियात किंवा दक्षिण आफ्रिकेत, तिथल्या लांब रात्रींमुळे तो अप्रतिम दिसतो. महाराष्ट्र आणि गोवा या दोन टोकांच्या मध्ये आहेत, आणि हे मधलं स्थान चांगलंच आहे. पुण्याहून पाहिलं तर ६ मेला कुंभेतला उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून निघाल्यासारख्या दिसतात ती जागा, पहाटे सव्वादोनच्या सुमारास जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतो. नागपूरला वीस-पंचवीस मिनिटं आधी. पुण्यात उजाडण्याची पहिली चाहूल पावणेपाचला लागते. मधले अडीच तास आपले. पावणेपाचपर्यंत उगमबिंदू क्षितिजापासून ३५ अंश चढतो. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण दहा अंश भरते, म्हणजे साडेतीन मुठी उंच.

पहाटच का, याचं उत्तर एस. टी.च्या काचेवर आहे. पावसात गाडी धावत असताना पुढची काच भिजून निथळते, मागची जवळपास कोरडी राहते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने धावते, आणि मध्यरात्रीनंतर आपण तिच्या पुढच्या काचेच्या बाजूला येतो. त्यात हॅली पृथ्वीच्या उलट दिशेने सूर्याभोवती फिरतो. त्यामुळे त्याचे कण समोरून येऊन थडकतात. दोघांचे वेग जुळून टक्कर सेकंदाला ६६ किलोमीटर वेगाने होते. मुंबई ते पुणे हे सरळ रेषेतलं अंतर दोन सेकंदांच्या आत. डिसेंबरमध्ये मिथुनेतून येणाऱ्या उल्का याच्या जवळपास निम्म्या वेगाच्या, त्या रमतगमत आल्यासारख्या वाटतात. कुंभेची उल्का म्हणजे काडी ओढल्यासारखी सर्रकन रेघ.

ही रेघ कशाची? जळणारा कण बहुतेक वेळा वाळूच्या किंवा रव्याच्या दाण्याएवढा. तो शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर शिरतो, तेव्हा तिथल्या अतिविरळ हवेचे रेणू त्याच्यावर ताशी सुमारे २ लाख ३८ हजार किलोमीटर वेगाने आदळतात. कणाचे अणू सुटून विखुरतात, आणि हे अणू व हवेचे रेणू एकमेकांवर धडकून प्रकाशतात. दाणा इवलासा, पण त्याच्याभोवती लखलखणाऱ्या हवेचा माग बराच मोठा. म्हणूनच शंभर किलोमीटरवरचा रव्याचा दाणा डोळ्याला दिसतो. सोडियममुळे पिवळट छटा येते, मॅग्नेशियममुळे हिरवी-निळी. कुंभेच्या वेगवान उल्कांचं वैशिष्ट्य वेगळंच: उल्का विझल्यावरही तिच्या वाटेवर फिकी झळाळती रेघ काही सेकंद तरंगत राहते. क्वचित ती मिनिटभर टिकते आणि वरच्या वाऱ्यांनी नागमोडी होत जाते. सव्वादोन ते तीनच्या दरम्यान, उगमबिंदू अगदी खाली असताना, एखादी उल्का वातावरणाला वरच्यावर चाटून जाते. ती संख्येने दुर्मीळ, पण पूर्वेकडून निघून डोक्यावरून पश्चिमेपर्यंत जाणारी. एका पहाटेत अशी एकच दिसली तरी जागरण सार्थकी लागतं.

आता आकड्यांबद्दल, कारण निराशा इथेच होते. 'तासाला पन्नास उल्का' अशी बातमी येते. हा आकडा खोटा नाही, पण तो आदर्श परिस्थितीचा आहे: उगमबिंदू थेट डोक्यावर आणि आकाश इतकं काळं की सहाव्या-साडेसहाव्या प्रतीचे तारेही दिसावेत (प्रत म्हणजे तेजाची पायरी; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). महाराष्ट्रात उगमबिंदू ३५ अंशांवर असताना उजाडायला लागतं, म्हणून पन्नासाचे उत्तम अंधारातही अठ्ठावीसच्या आसपास उरतात. तेही शेवटच्या काही मिनिटांच्या दराने. साडेतीनला तो दर पंधराचा असतो. शहराचा उजेड याहून निर्दय आहे. या वर्षावात एका प्रतीने मंद उल्का सुमारे २.४ पट जास्त असतात, म्हणून दिसणाऱ्या ताऱ्यांची मर्यादा तीन प्रतींनी घसरली की उल्का चौदा पटींनी घटतात. मुंबईच्या किंवा पुण्याच्या मध्यवस्तीतल्या गच्चीवरून तासाभरात दोन दिसल्या, तर तो दिवस चांगला. तालुक्याच्या गावाबाहेरच्या वस्तीवरून पंधरा दिसू शकतात. दोन आणि पंधरा हे दोन्ही आकडे एकाच वर्षावाचे आहेत.

आपल्या गच्चीचं आकाश किती चांगलं, हे आदल्या रात्री दहा वाजताच तपासता येतं. मेच्या सुरुवातीला त्या वेळी सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. खाटेच्या चौकोनाला जिथे शेपटी जोडली आहे तो तारा म्हणजे अत्री, सातांतला सर्वांत मंद, तिसऱ्या प्रतीहून थोडा खाली. तो दिसत नसेल तर पहाटेच्या अपेक्षा आवरत्या घ्याव्यात. अत्री दिसत असेल तर शेपटीच्या मधल्या ताऱ्याकडे, वसिष्ठाकडे वळावं आणि त्याच्या कुशीतली अरुंधती शोधावी. लग्नात नवरीला दाखवतात तीच. ती चौथ्या प्रतीची आहे. चष्मा लावून अरुंधती सुटी दिसली, तर त्या गच्चीवर तासाला तीन-चार उल्कांची आशा धरायला हरकत नाही. आणि सप्तर्षींच्या चौकोनाच्या आतही तारे दिसू लागले, तर त्या घराला कुठेही जायची गरज नाही.

खानदेश, मराठवाडा, विदर्भ या भागांत उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं अजून पुरतं गेलेलं नाही. दुपारी तापलेल्या स्लॅबवर संध्याकाळी पाणी मारायचं, गाद्या घालायच्या, मच्छरदाण्या बांधायच्या, उशाशी पाण्याचा तांब्या. कुंभेचा वर्षाव बघायला याहून उत्तम सोय दुसरी नाही. निरीक्षक मुळातच झोपलेला असतो, फक्त अडीच वाजता डोळे उघडायचे. ज्या पिढ्या अंगणात बाजेवर झोपल्या त्यांनी हॅलीची धूळ वर्षानुवर्षं पाहिली असणार, तिचं नाव माहीत नसताना. 'तारा तुटला' म्हणून कूस बदलली असणार. मोकळ्या शेतात झोपायचं तर मात्र जमिनीवर नको, बाज किंवा खाट हवी. मे महिना विंचवांचा. आणि कठडा नसलेल्या गच्चीवर मुलं मधोमध झोपवावीत, कारण आकाशाकडे बघत चालणाऱ्याचं पायाखाली लक्ष नसतं.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे एक नजर टाकली की ती सवय मोडते. सगळ्यांत जास्त उल्का याच चुकीमुळे हुकतात. वेळ बघायचीच तर जुनं काट्यांचं घड्याळ आणि विजेरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी करून बांधावा. रस्त्यावरचा दिवा डोळ्यांवर येत असेल तर पाण्याच्या टाकीचा आडोसा धरावा. अंधाऱ्या गावापेक्षा अंधारा कोपरा शोधणं सोपं असतं. जिन्यातला दिवा घरातल्या कुणीतरी लावतंच, म्हणून त्यांना आधी सांगून ठेवावं.

दुर्बीण नको. तिच्यातून आकाशाचा जेमतेम एक तुकडा दिसतो आणि उल्का कुठल्याही तुकड्यात येऊ शकते. नजर उगमबिंदूवरही खिळवू नये. तिथे उल्का आपल्याकडे सरळ येत असल्यामुळे आखूड दिसतात. पूर्वेकडे पाय करून पाठीवर झोपावं आणि साधारण अर्ध्या उंचीवर नजर सैल सोडावी. पहाटे चारला डोक्यावरून आकाशगंगा गेलेली असते, दक्षिणेला धनु रास, नैर्ऋत्येकडे कललेला वृश्चिक, उत्तरेला उंच अभिजित, पूर्वेच्या अंगाला श्रवण. ईशान्येकडून पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन वर येत असतो. कुंभेचा घडा त्याच्या उजव्या हाताला. दिसलेली उल्का याच घराण्यातली की उपरी, हे ठरवायला तिची रेघ मनातल्या मनात मागे वाढवावी. ती घड्याकडे गेली तर हॅलीची. दुसरीकडे गेली तर भटकी, कुठल्याही रात्री तासाला पाच-सहा पडतात त्यांतली. आणि ठिपका न लुकलुकता, मिनिटभर संथ सरकत राहिला तर तो उपग्रह. लुकलुकला तर विमान.

हवामानाची अडचण असतेच. कोकण किनाऱ्यावर मेमध्ये दमट धुरकटपणा असतो, विदर्भात धूळ. अवकाळी पावसाची एक सर आदल्या दिवशी येऊन गेली तर तीच धूळ धुऊन निघते आणि आकाश एरवीपेक्षा खोल दिसतं. एका तारखेवर सगळा भार टाकायचीही गरज नाही. ययातीचा वर्षाव एका रात्रीत शिखर गाठून उतरतो. कुंभेचा वर्षाव पठारासारखा आहे: ३ मेपासून ९-१० मेपर्यंत तो बऱ्यापैकी चालू राहतो. परीक्षा संपलेल्या असतात, शाळा सुट्टीवर असतात. घरून बघणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीचं वेळापत्रक आकाशाने दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.

एक प्रयोग मात्र दोन घरांनी मिळून करावा असा आहे. १७९८ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग या दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांपासून काही किलोमीटर दूर बसून त्याच उल्का ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर टिपल्या. दोघांच्या नोंदींत दिसणाऱ्या फरकावरून त्यांनी उल्कांची उंची काढली. ती शंभर किलोमीटरच्या घरात आली. उल्का ढगांसारख्या जवळच्या नाहीत, हे तेव्हा प्रथम मोजून कळलं. आज पुण्यातली मावशी आणि साताऱ्यातली भाची हेच करू शकतात. दोन शहरांतलं सरळ अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. पुण्यात अगदी डोक्यावर दिसलेली उल्का साताऱ्याहून उत्तरेला, क्षितिज आणि माथा यांच्या मध्यावर दिसेल. दोघींनी वेळ आणि जवळचा तारा लिहून ठेवायचा आणि सकाळी फोनवर ताडून बघायचा. उंची काढायला दहावीची त्रिकोणमिती पुरते.

पडलेली उल्का सापडेल का, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. वर्षावातली नाही सापडणार. हे कण ठिसूळ, चिमुकले आणि फार वेगवान असतात, ते ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरच संपतात. जमिनीपर्यंत येतो तो अशनी. तो बहुधा लघुग्रहाचा तुकडा असतो आणि त्याचं घराणं वेगळं. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं १.८ किलोमीटर व्यासाचं विवर अशाच एका मोठ्या अशनीने बेसॉल्टच्या खडकात खणलं आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत आकाशातून पडणाऱ्या गोष्टींचे पाच प्रकार केले, त्यांत उल्का आणि अशनी वेगवेगळे ठेवले. त्याची कारणमीमांसा पुण्य संपलेल्या जीवांची होती, आजची नव्हे. पण आज मराठीत हे दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी हाताशी आहेत, ही चांगली सोय झाली. बातम्यांत दोन्हींना सरसकट उल्का म्हणण्याची सवय सुटायला हवी.

पाहिलेलं लिहून ठेवावं. वेळ, उल्का कुंभेची की भटकी, कुठल्या ताऱ्याइतकी तेजस्वी, रेघ किती सेकंद टिकली, आकाशाचा किती भाग ढगांनी झाकलेला होता. एवढ्या नोंदी सलग तासभर घेतल्या तर त्यांना शास्त्रीय मोल असतं. १९८८ पासून काम करणारी आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या अशाच मोजण्या गोळा करते, आणि वर्षावाची दरवर्षीची ताकद त्यांतून ठरते. मे महिन्यात उत्तर गोलार्धातून येणाऱ्या मोजण्या मुळातच कमी असतात, म्हणून महाराष्ट्रातल्या गच्चीवरची एक वही मोलाची ठरते. शिकायचं असेल तर पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, वांगणीच्या आकाशदर्शनांसाठी ओळखलं जाणारं मुंबईचं खगोल मंडळ आहे. पहिल्या पहाटेसाठी मात्र कुणाचीच गरज नाही. उशी, लाल कागद बांधलेली विजेरी आणि पेन्सिल पुरेशी आहे.

चंद्राकडे लक्ष ठेवायला हवं, कारण त्याचा उजेड रस्त्यावरच्या दिव्यांहून वाईट. तो विझवता येत नाही. पौर्णिमा या तारखांच्या आसपास येते ती वर्षं वाया जातात. २०२७ साली मात्र गुरुवार, ६ मेला चैत्र अमावास्या आहे. त्या पहाटे आकाशात चंद्र नसेल. बुधवारी रात्री लवकर झोपा, सव्वादोनचा गजर लावा आणि जिन्यातला दिवा बंद करून वर जा.